खामगावचा भाव लिव्हरपूलला कसा बांधला गेला

यवतमाळच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. एकोणिसाव्या शतकात जग जोडलं जाण्याची कारणं म्हणून पुस्तकात आगगाडी, आगबोट, तारायंत्र, सुएझचा कालवा, खुला व्यापार आणि सुवर्ण परिमाण (म्हणजे देशाचं चलन सोन्याला बांधणं) अशी यादी दिलेली असते. त्यातलं खरं बळ कोणतं, पहिलं कोणतं, आणि हे सगळं आपोआप झालं की कोणी घडवून आणलं, असं तिनं विचारलं आहे.

मी चौतीस वर्षं रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, व्यापारात आहे. सुरुवात मुंबईच्या कापूस बाजारात, कॉटन ग्रीनमध्ये झाली, पुढची सगळी वर्षं अकोला-खामगाव पट्ट्यात गेली. म्हणून उत्तर कापसातूनच देतो. त्या शतकात कापसाइतका जगभर फिरलेला माल दुसरा क्वचितच सापडेल, आणि तुमच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक कारणाची खूण त्याच्यावर उमटलेली आहे.

आजही आम्ही रुईचा भाव खंडीवर बोलतो. खंडी म्हणजे ३५६ किलो. नवीन मुलं कामाला लागली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, हा कसला आकडा? साडेतीनशे नाही, चारशे नाही. हिशेब असा आहे: ३५५.६२ किलो म्हणजे ७८४ पौंड. मुंबईहून परदेशी जाणारी जुनी गाठ ३९२ पौंडांची असायची, म्हणजे साडेतीन इंग्रजी हंड्रेडवेट. अशा दोन गाठी म्हणजे एक खंडी. किलो आले, गाठ १७० किलोची झाली, मुंबईचा बाजार कुलाब्याहून शिवडीला गेला, पण भाव बोलायचं माप तेच राहिलं. अकोल्यात आज सकाळी फोनवर जो आकडा सांगितला गेला, तो त्या काळच्या निर्यातीच्या तराजूवरचाच आहे.

आता मूळ प्रश्न. जग जोडलं गेलं, हे ओळखायचं कशावरून? व्यापार तर पूर्वीही होता. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले ते मिरी-मसाल्यासाठीच. पण तो व्यापार हलक्या वजनाच्या, भारी किमतीच्या मालाचा होता. मलबारातला मिरीचा भाव आणि लिस्बनचा भाव यांत इतकं अंतर असायचं की एका टोकाला काय चाललंय याचा दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्याला पत्ताही लागत नसे. माझ्या मते जोडणी झाली असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा जड, स्वस्त, रोजच्या वापरातल्या मालाचे भाव दोन ठिकाणी एकमेकांना धरून हलायला लागतात. अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजलेलं आहे. १८७३ साली इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातला कापसाचा भाव मुंबईपेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त होता; १९१३ पर्यंत हा फरक २० टक्क्यांवर आला. शिकागो आणि लिव्हरपूलमधल्या गव्हाच्या भावातला फरक १८७० मध्ये ५८ टक्क्यांच्या आसपास होता, तो १९१३ पर्यंत १६ टक्क्यांच्या आत-बाहेर आला. तुमच्या यादीतलं प्रत्येक कारण या कसोटीवर घासून बघा: त्यानं हा फरक कमी केला का, आणि केव्हा?

पहिलं कारण कोणतं, हे तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की दिसतं. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं एप्रिल १८६१ मध्ये. तोवर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांतून, गुलामांच्या कष्टातून येत होता. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि तो ओघ आटला. १८६० मध्ये ब्रिटनच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास होता, तो १८६२ मध्ये ७५ टक्क्यांवर गेला. एकूण आयात घटलेली होती हे खरं, तरी दोन वर्षांत एवढी उलथापालथ व्हावी हे विलक्षणच. लिव्हरपूलचा भाव पुढे तिप्पट-चौपट झाला.

आता बघा, तेव्हा वऱ्हाडात आगगाडी होती का? नव्हती. थळ घाट, म्हणजे कसारा-इगतपुरीची चढण, रेल्वेनं पार केली १८६५ मध्ये. नागपूरला गाडी पोचली १८६७ मध्ये. खामगावचा फाटा सुरू झाला मार्च १८७० मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. सुएझ कालवा उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला. मुंबई ते एडन समुद्राखालची तार पडली १८७० मध्ये. म्हणजे पुस्तकात ज्यांना कारणं म्हटलंय, त्यांतलं जवळजवळ काहीच हाताशी नसताना वऱ्हाडचा कापूस लँकेशरला पोचला. गाड्यांवरून आणि बैलांच्या पाठीवरून घाट उतरला, शिडाच्या जहाजात चढला, आफ्रिकेला वळसा घालून गेला.

म्हणून ओढ पहिली, यंत्रं नंतर, असं माझं मत आहे. लँकेशरला कापूस हवा होता. भाव एवढा चढला की कितीही महाग वाहतूक परवडली. पण अशी जोडणी टिकत नाही. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि गाडीबैलानं माल नेणं परवडेनासं झालं असतं. आगगाडी, कालवा आणि तार यांचं खरं काम इथे आहे. महागाईच्या चार वर्षांत जो दुवा तयार झाला, तो स्वस्ताईतही तुटणार नाही अशी सोय त्यांनी केली. हा क्रम नीट ध्यानात घेतला नाही तर यादी पाठ होते, पण काय घडलं ते कळत नाही.

त्यापूर्वीचा माल कसा जायचा, हे थोडं सांगतो. वऱ्हाडचा कापूस बराच काळ लमाणांच्या तांड्यांबरोबर पाचशे मैल उत्तरेला, गंगेकाठी मिर्झापूरला जात असे. मुंबईकडे जायचा तो गाड्यांतून, आणि वाटेला महिना-महिना लागायचा. सैल बांधलेल्या बोजात धूळ शिरे, अवकाळी पाऊस लागला की कापूस पिवळा पडे. पुढे मुंबईत तो दाबून गाठी बांधायच्या. सैल रुई वजनाला हलकी आणि आकारानं अवाढव्य. जहाजातली जागा तिनेच भरून जाते. म्हणून वाफेवर चालणारे दाबयंत्र आले, ही माझ्या दृष्टीनं आगबोटीइतकीच मोठी गोष्ट आहे, आणि पुस्तकं तिचं नावही घेत नाहीत. तेवढ्याच जागेत जास्त पौंड माल मावला म्हणजे पौंडामागचं भाडं तेवढंच खाली आलं. प्रेसमधून निघालेल्या गाठीच्या पट्ट्या कधी चुकून सुटल्या तर बघा: दोन माणसांना न उचलणारी ती वीट बघता-बघता फुगते आणि खोलीचा कोपरा अडवते. तो फुगवटा पूर्वी भाडं देऊन समुद्रापार न्यावा लागत होता.

आता रेल्वे. ती कोणासाठी आली, याबद्दल तेव्हाच्या कागदांत आडपडदा नाही. गव्हर्नर-जनरल डलहौसीनं १८५३ च्या आपल्या टिपणात स्पष्ट लिहिलं, की इंग्लंड कापसासाठी हाक मारतंय आणि हिंदुस्थान तो देऊ शकेल, फक्त आतल्या मैदानांतून बंदरापर्यंत नेण्याचं साधन हवं. त्याच १८५३ साली दोन गोष्टी घडल्या. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. आणि निजामाशी झालेल्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पहिली गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, दुसरी वऱ्हाडातल्या मुलालाही माहीत नसते. पण या दोन्हींच्या मध्ये जी रेघ ओढता येते, तीच पुढची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे.

या रेल्वेचा पैसा आला लंडनच्या भांडवलदारांकडून, आणि त्यांना सरकारनं पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. धंदा बसला तरी पाच टक्के मिळणारच. ही हमी हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेवटी सारा भरणाऱ्या कुणब्याच्या घामातून होती. भोर घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये पुरं झालं. पंचवीस बोगदे, कमानींचे पूल, आणि खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं स्टेशन. पटकीनं आणि अपघातांनी हजारो मजूर तिथे गेले. मुंबई-पुणे प्रवासात ते बोगदे मोजायची मला लहानपणापासून सवय आहे. ते कोणी खणले, हे कळलं तेव्हापासून मोजताना आवाज आपोआप खाली येतो.

सागरी वाहतुकीबद्दल एक गैरसमज आहे, की आगबोट आली आणि शिडाचं जहाज गेलं. तसं झालं नाही. सुरुवातीच्या आगबोटी कोळसा इतका खात, की मालाला जागाच उरत नसे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून सुटली आणि बत्तीस-तेहतीस दिवसांनी सुएझला लागली. कोळशानं ती इतकी भरली होती की टपालाखेरीज फार काही नेता आलं नाही. एडनला कोळसा भरण्यातच कित्येक दिवस गेले, आणि तो कोळसाही आधी जहाजांनी तिथे नेऊन ठेवावा लागला होता. कोळशाचा तळ आपल्या ताब्यात हवा, हे तिथे उमगलं. जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेनं एडन घेतलं आणि पुढे कित्येक दशकं त्या बंदराचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. आगबोट, कोळसा आणि तोफ यांना वेगवेगळ्या रकान्यांत टाकायचं कसं, तुम्हीच सांगा.

पुढे इंजिनात सुधारणा झाली. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टनं १८६० च्या दशकात वाफ दोनदा वापरणारं इंजिन लांब पल्ल्याच्या बोटींत बसवलं, कोळसा वाचला, मालाला जागा झाली. आणि लगेच सुएझ उघडला. लंडन-मुंबई अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झालं. तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांमुळे शिडाच्या जहाजांना ही वाट सोयीची नव्हती, त्यामुळे कालव्याचा फायदा आगबोटीलाच मिळाला. मुंबईत त्याचे परिणाम पुढे दिसले: १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. या बोटींवर भट्टीपाशी आणि डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, खानपानाच्या कामावर गोव्याचे तारवटी होते. जगाला जोडणाऱ्यांत त्यांचंही नाव लिहायला हवं. कोकणातली कित्येक घरं त्या पगारावर उभी राहिली.

तारेकडे मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण माझ्या धंद्याचा जीव बातमीत आहे.

१८६५ पूर्वी लिव्हरपूलचा भाव मुंबईला कळायला टपालाचा महिना लागे. म्हणजे मुंबईचा व्यापारी महिन्यापूर्वीच्या भावावर माल घेई, आणि तो माल पोचेपर्यंत आणखी तीन-चार महिने जात. एवढ्या अंधारात सौदा करायचा तर मधला फरक मोठाच ठेवावा लागतो. तो जोखमीचा दाम असतो. १८६४ मध्ये इराणच्या आखातात तार टाकली गेली आणि १८६५ मध्ये तुर्कस्तानमार्गे युरोपशी संदेशाची वाट मोकळी झाली, पण ती भरवशाची नव्हती. खरी क्रांती १८७० मध्ये झाली. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र बोटीनं, जिनं १८६६ मध्ये अटलांटिकखालची तार यशस्वी केली होती, तिनंच मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली. त्या तारेवरचं आवरण मलायाच्या जंगलातल्या झाडांच्या चिकाचं, गटापर्चाचं. त्याच वर्षी पुढची कडी जोडली गेली आणि लंडनची बातमी मुंबईला काही तासांत यायला लागली.

याचा परिणाम फक्त वेगाचा नव्हता. बातमी मालाच्या आधी पोचते म्हटल्यावर, अजून जहाजात असलेला, अजून शेतात असलेला माल विकता येतो. संघटित वायदा बाजार इथून आला. न्यूयॉर्कचं कॉटन एक्सचेंज १८७० चं आहे, मुंबईची कॉटन ट्रेड असोसिएशन १८७५ ची. आणि न पाहिलेला माल विकायचा तर ‘कोणता माल’ हे दोघांनाही एकाच अर्थानं कळलं पाहिजे. म्हणून प्रत ठरवणं आलं.

हे काम मी हातानं शिकलो. कॉटन ग्रीनमध्ये उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल असे, तिथे नमुने मांडलेले. माझे वस्ताद रुईची चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्याखाली धरून ओढत, दोन भाग एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढत, आखूड धागे झटकत, आणि शेवटी उरलेली झुपकेदार पात काळ्या कापडावर ठेवत. मग म्हणत, ‘‘बघ, लांबी डोळ्यानं नाही, अंगठ्यानं बघायची.’’ सहा महिने मला नुसतं ओढायला लावलं, भाव बोलू दिला नाही. त्या चिमटीत आख्खा सौदा असतो: धाग्याची लांबी, कचरा, कवडी (किडका, डागी कापूस), रंग. लिव्हरपूलमधला माणूस आणि मुंबईतला माणूस हीच चिमूट एकाच पद्धतीनं ओढायला लागला, तेव्हा तारेवरच्या दोन शब्दांना अर्थ आला. तेव्हाच्या बाजारात आपली गावं मालाची नावं झाली होती. अमरावतीचा कापूस म्हणजे ‘ऊमरा’, कुमठ्याचा ‘कोम्टा’, भडोचचा ‘ब्रोच’; आणि हिंगणघाटचा कापूस देशी मालात उत्तम म्हणून नावाजलेला.

पण देशी कापसाची लांबी कमी, साधारण पाऊण इंचाच्या आसपास, आणि लँकेशरची यंत्रं अमेरिकन इंचभर धाग्यावर बेतलेली. धागा तुटे, मजुराची मजुरी बुडे. वर भावाच्या हव्यासानं भेसळ: सरकी, माती, पाणी. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरतेचा नको’ अशी प्रार्थना लँकेशरच्या कामगारांनी केल्याचा किस्सा सांगितला जातो, कारण पश्चिम हिंदुस्थानच्या सगळ्या कापसाला तिथे सुरती म्हणत. या भेसळीविरुद्ध मुंबई सरकारनं १८२९ मध्ये एक आणि १८६३ मध्ये दुसरा कायदा केला. भेसळ हा गुन्हा ठरला. खासगी करार मोडला तर दिवाणीत जावं, ही सगळीकडची रीत. इथे परदेशी ग्राहकाच्या समाधानासाठी फौजदारी उभी केली गेली. वऱ्हाडात तर सरकारनं खास कापूस कमिशनर नेमला. बियाणं, बाजार, रस्ते, तोल, सगळ्यावर त्याची नजर. खुला व्यापार खुला ठेवायला किती सरकार लागतं, हे मला खामगावच्या इतिहासात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या ग्रंथात दिसलं नाही.

खुल्या व्यापाराबद्दल एवढंच सांगतो, की ब्रिटननं धान्यावरचे कायदे १८४६ मध्ये काढले ते स्वतःच्या संसदेत, वादविवाद करून. चीनची बंदरं १८४२ च्या नानकिंगच्या तहानं उघडली ती युद्ध हरल्यावर. त्या युद्धामागे जी अफू होती, तिच्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जात होती आणि मुंबईच्या कित्येक मोठ्या घराण्यांचं पहिलं भांडवल तिच्यात आहे. हिंदुस्थानात कापडावरची आयात जकात १८८२ पर्यंत जवळजवळ सगळीच उठवली गेली, आणि १८९६ मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवला गेला, कारण लँकेशरला बरोबरी हवी होती. तिन्हींना ‘खुला व्यापार’ हे एकच नाव देणं मला पटत नाही.

पैशाकडे वळतो. १८६१ ते १८६५ मध्ये मुंबईत कापसापोटी जे सोनं-चांदी आलं, त्यानं शहराचं डोकं फिरलं. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे सूत्रधार मानले जात. ९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली, बातमी इथे पोचली, भाव घसरू लागला, आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उजाडला तेव्हा शहर दिवाळखोर निघालं. बँक ऑफ बॉम्बेही त्यात बुडाली. त्या तेजीतल्या पैशाचा एक अंश राजाबाई टॉवरच्या रूपानं उभा आहे. प्रेमचंदांनी आईच्या नावासाठी ती देणगी दिली होती. व्हर्जिनियातल्या एका शरणागतीनं फोर्टमधल्या पेढ्या बुडाल्या, हा मला जागतिकीकरणाचा सगळ्यात लख्ख पुरावा वाटतो.

सुवर्ण परिमाणाचं पुस्तकात कौतुक असतं, पण आपण चांदीवर होतो. १८७० च्या दशकात जर्मनीनं चांदी सोडून सोनं धरलं, इतरांनीही तेच केलं, आणि चांदी पडत गेली. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९० च्या दशकात सव्वा शिलिंगाच्या खाली-वर आला. आमच्या धंद्यात रुपया पडला की निर्यातदार खूश. तेव्हाही तसंच झालं. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला जोरात गेलं, कारण चीनही चांदीवरच होता. मग १८९३ मध्ये सरकारनं टांकसाळी चांदीला बंद केल्या आणि शतक संपता-संपता रुपया एक शिलिंग चार पेन्सवर बांधला. त्याच १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकारानं जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली. तिथून पुढे आमच्या कापसाचं तोंड लिव्हरपूलकडून जपानकडे वळलं.

आणि इथे वऱ्हाडातली एक गोष्ट मला फार लागते. हिंगणघाटचा तो नावाजलेला कापूस ‘बनी’ जातीचा होता, धागा बारीक आणि लांब. त्याच्या जागी ‘जरी’ आला: जाडाभरडा, आखूड, पण शंभर किलो कापसातून रुई जास्त देणारा. आखूड धाग्याला गिऱ्हाईक होतं, लांब धाग्याला जादा भाव कोणी देईना. कोणी हुकूम काढला नाही. शेतकऱ्यानं वजन बघितलं, भाव बघितला, आणि बियाणं बदललं. एका पिढीत बनी मागे पडला. भावाची तार शेतातल्या बोंडाच्या आतपर्यंत पोचते, ती अशी.

जो रस्ता मालाचा, तोच रोगाचाही. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत, गोदीलगतच्या वस्तीत, मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगास यांनी तो ओळखला. चीनशी इतका दाट व्यापार नसता तर त्याला इकडे यायला किती वर्षं लागली असती, कोण जाणे.

आता ‘आपोआप झालं की घडवलं’ या भागाचं उत्तर. दोन्ही, पण वेगवेगळ्या ठिकाणी. भाव चढला आणि शेतकरी कापसाकडे वळला, हे त्याचं स्वतःचं डोकं. त्याला अडाणी समजू नका. पण गाडी कुठून कुठे जाईल, भाड्याचे दर काय असतील, कोणाच्या व्याजाची हमी कोण देईल, कोणत्या मालावर जकात असेल, आणि नुकसान झालं तर कोणाच्या माथी जाईल, हे सगळं ठरवलं गेलं. मला कोणी एकच बळ निवडायला लावलं तर मी गिऱ्हाइकाची ओढ म्हणेन. दोन निवडू दिली तर दुसरं राज्यसत्ता. यंत्रं तिसऱ्या क्रमांकावर. रेल्वेच्या इतिहासात रमणारे माझे मित्र यावर माझ्याशी वाद घालतात, पण १८६१ आणि १८७० या दोन तारखांपुढे त्यांचं फारसं चालत नाही.

२०११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. आमच्याकडे खंडी साठ हजारांवर. बोरगावकडचा एक शेतकरी कापूस घरात साठवून बसला, मी सांगूनही विकेना. वर्ष सरायच्या आत न्यूयॉर्क एक डॉलरच्या खाली आलं. पुढच्या हंगामात तो माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाला, ‘‘भाऊ, तिकडं काय झालं व्हतं?’’ माझ्याकडे न्यूयॉर्कचा आलेख होता, हेज केलेला, म्हणजे भाव पडला तरी तोटा भरून निघेल असा, सौदा होता. त्याच्याकडे घरात भरलेला कापूस होता. १८६५ मध्येही नेमकं हेच घडलं होतं. लिव्हरपूलच्या आयातदाराकडे बातमी होती, मुंबईच्या पेढीकडे वायदा होता, खामगावच्या आडत्याकडे हुंडी होती, आणि ज्यानं पेरलं त्याच्याकडे सावकाराचं खत, म्हणजे कर्जरोखा होता.

त्या खतांचं पुढे काय झालं, ते महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. तेजीच्या वर्षांत कापसाचा पैसा आणि घाटातल्या रेल्वेकामाची मजुरी यांनी पुणे-नगरकडेही पैसा खेळला, सावकारांनी हात सैल सोडला, कर्ज सहज मिळालं. मग भाव पडला, नव्या मोजणीनं सारा वाढला, आणि सावकारांनी दोर आवळला. १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला लोक जमले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच झालं. माणसं मारण्याचे प्रकार जवळजवळ झालेच नाहीत. लोकांनी सावकारांकडे मागितली ती खतं आणि हिशेबाच्या वह्या, आणि मिळाली तिथे चौकात आणून जाळली. सरकारनं चौकशी मंडळ नेमलं, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्या मंडळाचा अहवाल मिळाला तर जरूर वाचा. कर्ज का वाढलं याची कारणं शोधताना त्या अधिकाऱ्यांनाही सुप्याहून निघून थेट अमेरिकेच्या युद्धापर्यंत जावं लागलं आहे.